कान-पांझरेच्या काठचे साक्री : इतिहास, भूगोल आणि लोकपरंपरा

खान्देशच्या इतिहासात थाळनेर, नंदुरबार, धुळे, अमळनेर या नावांचा उल्लेख वारंवार येतो. साक्रीचे नाव त्या मानाने क्वचितच आढळते. येथे कोणा सम्राटाची राजधानी नव्हती, मोठी लढाई झाल्याची नोंद नाही आणि रेल्वेची शिटीही या गावाने आपल्या शिवारात कधी ऐकली नाही. असे असूनही धुळे जिल्ह्यातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठ्या तालुक्याचे हे मुख्य ठिकाण आहे. सह्याद्रीच्या डोंगररांगा आणि तापीचे सपाट खोरे यांच्या सांध्यावर ते वसले आहे. त्याच्या पंचक्रोशीत लेणी आहेत, आठशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे आणि शेकडो वर्षे चालत आलेली पाणीवाटपाची एक विलक्षण पद्धतही आहे. या परिसराचा इतिहास पाहू जाता एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते. ज्या वस्तूंची आणि प्रथांची जबाबदारी लोकांनी एकत्रितपणे घेतली त्या टिकल्या. जेथे ती जबाबदारी सुटली तेथे राजवाडेही मातीस मिळाले. साक्रीचा परिचय करून घेताना हे सूत्र ध्यानी ठेवणे उपयुक्त ठरेल.

भूप्रदेश

धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, धुळ्याच्या पश्चिमेस सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर अंतरावर साक्री हे गाव कान नदीच्या काठी वसले आहे. पूर्वी हा महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई. नव्या क्रमवारीत तो क्रमांक ५३ झाला आहे. कान ही पांझरेची उपनदी. दोन्ही नद्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावतात. साक्रीच्या खालच्या अंगास कान पांझरेला मिळते, आणि पांझरा पुढे धुळे शहरातून वाहत जाऊन उत्तरेकडे वळते व मुडावद येथे, कपिलेश्वराच्या सान्निध्यात, तापीत विलीन होते. तालुक्याच्या उत्तर भागातील पाणी बुराई नदीच्या वाटेने तापीकडे जाते.

या भूमीची घडण काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय उद्रेकांतून दख्खनचे पठार निर्माण झाले. त्या काळी जमिनीतील लांबच लांब भेगांमध्ये लाव्हारस शिरून घट्ट झाला. पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि भेगांत गोठलेला कठीण दगड भिंतीसारखा उभा राहिला. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा भित्तींचा मोठा समूह असून भूशास्त्रज्ञांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांपैकी साक्री-धुळे-पारोळा ही भित्ती सुमारे ७९ किलोमीटर लांबीची आहे. माळावरून जाताना कोणी मुद्दाम रचल्यासारखी दगडी कणा काढलेली जी टेकडी दिसते, ती अनेकदा याच प्राचीन घडामोडीची खूण असते.

पावसाच्या दृष्टीने हा तालुका दोन भागांत विभागलेला आहे. पिंपळनेरच्या पलीकडील पश्चिम पट्टा डोंगराळ, पावसाचा आणि भातशेतीचा. साक्रीच्या पूर्वेस आणि ईशान्येस मात्र पाऊस झपाट्याने उणावत जातो, माळ उघडे पडतात आणि बाजरी, भुईमूग, मका, कापूस यांसारखी पिके पावसाकडे डोळे लावून उभी असतात. एका बाजूस पाणी आणि दुसऱ्या बाजूस तहान, अशा या रचनेत पश्चिमेचे पाणी पूर्वेच्या शेतापर्यंत नेणाऱ्या दोन नद्या हीच या प्रदेशाची जीवनरेषा होय. येथील समाजजीवनाचे बरेचसे स्वरूप या एका वस्तुस्थितीतून आकारास आले आहे.

भामेर : विस्मृतीत गेलेली राजधानी

साक्रीच्या उत्तरेस निजामपूरनजीक भामेर हे आज लहानसे खेडे आहे. त्याच्या डोक्यावर किल्ल्याचा डोंगर उभा असून डोंगराच्या कड्यात कोरलेल्या दालनांच्या रांगाच्या रांगा दुरूनही नजरेस भरतात. गावात जुन्या तटबंदीचे व प्रवेशद्वाराचे अवशेष आहेत. एका खेड्यास एवढ्या मोठ्या संरक्षणाची गरज नसते. ही एखाद्या राजसत्तेची वसती होती, हे पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येते.

देवगिरीच्या यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याने भंभागिरीच्या लक्ष्मीदेव नामक आभीर राजाचा पराभव केल्याची नोंद यादवकालीन लेखांत मिळते. हे भंभागिरी म्हणजेच भामेर, असे इतिहासकार मानतात. सिंघणाची कारकीर्द तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. म्हणजे यादवांच्या सत्तेस दखल घ्यावी लागेल असे आभीरांचे राज्य त्या वेळी या डोंगरात नांदत होते. आभीर हेच पुढे अहिर म्हणून ओळखले गेले आणि त्यांच्या नावाशी नाते सांगणारी अहिराणी आजही साक्रीच्या घराघरांत बोलली जाते. राज्य गेले, तट ढासळला, परंतु बोली राहिली. तिला ना कोणी आश्रय दिला ना दानपत्र. ती लोकांनी आपसांत बोलून राखली.

भामेरचे आणखी एक महत्त्व आहे. किल्ल्याच्या डोंगरातील कोरीव दालनांपैकी काहींची नोंद फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी भारतातील लेण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात १८८० साली जैन लेणी म्हणून केली आहे. लांब ओसरी, तिच्यामागे काळोखी दालने आणि भिंतींवर भगवान पार्श्वनाथ व अन्य तीर्थंकरांच्या प्रतिमा असे त्यांचे स्वरूप आहे. अजिंठा-वेरूळची भव्यता येथे नाही. तथापि व्यापारी मार्गांजवळच्या या डोंगरात जैन श्रावकांची व साधूंची ये-जा होती, एवढे या प्रतिमा निश्चितपणे सांगतात. नैर्ऋत्येस, बागलाणच्या हद्दीत, मांगी-तुंगी हे प्राचीन सिद्धक्षेत्र आहे. पिंपळनेर-ताहाराबाद या वाटेने ते साक्रीच्या मुलखाशी जोडलेले आहे. मांगी-तुंगी, भामेर आणि बळसाणे ही स्थळे एकत्रित पाहिली म्हणजे या डोंगरपट्ट्यातील जैन परंपरेची व्याप्ती ध्यानात येते.

बळसाण्याचा लेख आणि मूर्ती

तालुक्याच्या ईशान्य भागातील बळसाणे हे गाव दोन कारणांनी प्रसिद्ध आहे. पहिले कारण तेथील प्राचीन मंदिरांचा समूह. हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील आपल्या ग्रंथात, जो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला, या मंदिरांचे वर्णन केले आहे. कोरीव स्तंभ, नक्षीदार द्वारशाखा आणि एकाच मंडपास जोडलेले तीन गाभारे ही तेथील मुख्य मंदिराची वैशिष्ट्ये होत. मंदिरांजवळच एक मठ असून त्यावर शके ११०६, म्हणजे इ.स. ११८४-८५ चा लेख आहे. महल्लूक पंडिताने या राजमठाचा जीर्णोद्धार केल्याची वार्ता हा लेख देतो.

या तिथीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. लोकव्यवहारात अशा सर्व मंदिरांना हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु हेमाद्री पंडित हा यादवांचा मंत्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. बळसाण्याचा मठ त्याच्या कितीतरी आधी जुना होऊन दुरुस्तीस आला होता. हेमाद्रीचे नाव देऊन या वास्तूंचे वय नकळत कमी केले जाते. आणखी एक गोष्ट मननीय आहे. बांधणाऱ्याचे नाव काळाच्या ओघात हरवले. दगडावर राहिले ते डागडुजी करणाऱ्याचे. नवे उभारण्यापेक्षा जुने सांभाळणे हेही पुण्यकर्म मानून त्याची नोंद दगडावर करावी, असे त्या काळच्या समाजाला वाटले.

बळसाण्याच्या प्रसिद्धीचे दुसरे कारण म्हणजे तेथील श्री विमलनाथ भगवंतांचे तीर्थ. तेराव्या तीर्थंकरांची ही प्रतिमा गावच्या भूमीतूनच मिळाली आणि मंदिर उभे राहण्यापूर्वी गावकऱ्यांनीच तिची मनोभावे पूजाअर्चा केली, असे तीर्थाची परंपरा सांगते. आज दूरदूरचे यात्रेकरू तेथे येतात. ज्या गावात पूजकांपैकी बहुतेकांना त्या प्रतिमेचे शास्त्रोक्त नावही ठाऊक नसेल, त्या गावाने तिला आपले दैवत मानले आणि जपले, ही या परंपरेतील सर्वांत हृद्य बाब आहे. तीर्थाच्या पायाचा पहिला दगड तेथील ग्रामस्थांच्या श्रद्धेचा आहे, हे विसरता येणार नाही.

मार्ग, सत्ता आणि तालुका

यादवांनंतर खान्देशात फारुकी सुलतानांचे राज्य आले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकून ते संपुष्टात आणले. सुरत हे मोगलांचे मोठे बंदर आणि बऱ्हाणपूर ही दख्खनची पेठ. या दोहोंना जोडणारे मार्ग खान्देशातून जात. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याच वाटेने गेला आणि नवापूरच्या सुगंधी तांदळाची त्याने वाखाणणी केली. साक्रीच्या पश्चिमेकडील कोंडाईबारीचा घाट हा सुरतेच्या बाजूस उतरण्याचा आणखी एक मार्ग. बैलांचे तांडे, मिठाच्या गोण्या, कापसाच्या गाठी आणि सागाचे ओंडके या घाटाने वर-खाली होत असत.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजी अमलाखाली आला. डोंगरातील भिल्लांनी ही सत्ता सहजी मानली नाही आणि १८२५ मध्ये आउट्रॅमच्या नेतृत्वाखाली भिल्ल पलटण उभारून त्यांना वळविण्याचे धोरण इंग्रजांना स्वीकारावे लागले. महसुली कागदांत या तालुक्याचे नाव दीर्घकाळ पिंपळनेर असेच होते. पुढे मामलेदार कचेरी साक्रीस आली. पश्चिम पट्ट्यातील हिवतापाची हवा त्या काळी कुप्रसिद्ध होती आणि सुरत रस्त्यावरील साक्री सर्व बाजूंनी गाठण्यास सोयीची. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खान्देश पुढे धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. साक्री धुळ्यातच राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी सुरत-भुसावळ हा ताप्ती खोऱ्यातील लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा या गावांवरून गेला. त्यामुळे दोंडाईचा बाजारपेठ म्हणून झपाट्याने वाढले. साक्री सडकेवरचे गाव राहिले. या एका घटनेने गावाचा आकार ठरविला, असे म्हणण्यास हरकत नाही. येथे गिरण्यांची धुराडी उभी राहिली नाहीत. कचेरी, शाळा, आठवडे बाजार आणि सभोवतीची शेती यांवरच गाव पोसले गेले.

फड : पाण्याची सामायिक मालकी

साक्री परिसराने महाराष्ट्रास दिलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट कोणती, असा प्रश्न कोणी केला तर फड पद्धतीकडे बोट दाखवावे लागेल. पांझरा, कान, मोसम, आरम या धुळे-नाशिक जिल्ह्यांतील नद्यांवर ही सिंचनपद्धती किमान तीन-चारशे वर्षे चालत आली आहे. पाटबंधारे खाते अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी येथील शेतकऱ्यांनी ती स्वतः घडविली, स्वतः चालविली आणि तिच्यातील तंटेही स्वतःच मिटविले.

तिची रचना साधी परंतु विचारपूर्वक केलेली आहे. नदीच्या पात्रात कठीण खडकाचा आधार पाहून दगडी बंधारा घालावयाचा. त्याच्या एका टोकाकडून पाट काढावयाचा. तो दोन-तीन किलोमीटरपासून दहा-बारा किलोमीटरपर्यंत लांब असतो. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतोशेतीच्या सारंग्या, आणि जादा पाणी पुन्हा नदीत सोडण्यासाठी सांडवे. या पाटाखाली भिजणाऱ्या जमिनीस कायम बागाईत म्हणतात. तिचे सामान्यतः चार भाग पाडलेले असतात. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका वेळी एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात आणखी काही, आणि दरवर्षी ही पिके फडांतून फिरत राहतात.

या नियमामागील शहाणपण थोडे उलगडून पाहण्याजोगे आहे. सबंध फडात एकच पीक असल्यामुळे सर्वांना पाणी एकाच वेळी आणि सारख्याच प्रमाणात लागते. कोणास किती पाणी, हा कलहाचा विषय उरत नाही. पिकांची फेरपालट होऊन जमिनीचा कस टिकतो. राखण सोपी होते. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो निरनिराळ्या फडांत विखुरलेली असते. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी गाव एकत्र बसून एखादा फड कोरडा ठेवण्याचा निर्णय करते. तो फड कोरडा राहिला म्हणजे झळ एकट्यादुकट्यास न लागता सर्वांना थोडीथोडी लागते. दुष्काळाचे असे समान वाटप करणारी व्यवस्था अन्यत्र क्वचितच आढळेल.

तिची अंमलबजावणी करणारी माणसेही गावानेच नेमलेली असत. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडावयाचे नाही, हा दंडक. पिकाची राखण जागल्याकडे आणि या सर्वांवर देखरेख हवालदाराची. त्यांचा मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने मिळे. पीक चांगले आले तर त्यांचेही भले होई. पाटातील गाळ काढणे, बंधाऱ्याची डागडुजी करणे ही कामे लाभधारकांनी मिळून करावयाची. पंच बसत, हिशेब होत, चुकणाऱ्यास दंड होई. कागद फार थोडा आणि शब्दाला किंमत फार मोठी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही व्यवस्था क्षीण होत गेली. त्यास अनेक कारणे आहेत. विजेचे पंप आले आणि ज्याच्या शेतात विहीर त्याला पाटकऱ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. कानेवर मालनगाव, पांझरेवर पिंपळनेरच्या वर लाटीपाडा ही धरणे झाली. त्यायोगे पाण्याचा साठा निश्चितच वाढला, परंतु नदी बारमाही वाहत राहण्यावर ज्यांची भिस्त होती त्या बंधाऱ्यांचे गणित बदलले. पुढे साक्री तालुक्यातच पांझरेवर अक्कलपाडा हे मोठे धरण उभे राहिले. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले. आपल्या शेतात काय पेरावे हे आपणच ठरवावे, ही इच्छाही स्वाभाविक होती; कांदा आणि डाळिंब यांनी अनेकांना दोन पैसे मिळवून दिले. भाडणे येथील पांझरा-कान सहकारी साखर कारखान्याने उसाला नवे महत्त्व दिले होते, पण कारखाना बंद पडला आणि ती आशाही मावळली.

म्हणून फड पद्धतीकडे केवळ हळहळीने पाहून चालणार नाही. तिच्यातही उणिवा होत्या. पाटाबाहेरच्या कोरडवाहू शेतकऱ्यास आणि भूमिहीनास तिच्यात वाटा नव्हता. तरीही, पाणी ही सर्वांची सामायिक ठेव आहे आणि टंचाईचा भार सर्वांनी उचलावयाचा आहे, हे तिचे मूळ तत्त्व आज अधिकच मोलाचे ठरले आहे. एकेका शेतात विहिरीखाली कूपनलिका आणि तिच्याखाली आणखी खोल कूपनलिका खोदली जात असताना, जमिनीखालचे पाणीही एकच आहे, हे सांगण्यास आज पाटकरी नाही.

बाजार, व्यापारी आणि शब्द

शेतीइतकाच बाजाराचाही येथील जीवनाशी निकटचा संबंध आहे. पूर्वेकडील कुणबी शेतकरी, पश्चिमेकडील कोकणा व भिल्ल, गुजरातेतून आणि मारवाडातून आलेले व्यापारी, लाडशाखीय वाणी, बलुतेदार असे सर्व घटक आठवड्यातून एकदा बाजाराच्या ठिकाणी एकत्र येतात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव गगनाला भिडले आणि खान्देशच्या खेड्यापाड्यांत व्यापाऱ्यांची दुकाने वाढली. धान्य, कापड, किराणा यांच्या जोडीने उधारी आणि सावकारीही आली. अडीअडचणीस बियाण्याला पैसा देणारा दुकानदार शेतकऱ्यास आधार वाटे. त्याच उधारीत काहींची जमीन गेली, हेही तितकेच खरे आहे. इतिहास लिहावयाचा तर दोन्ही बाजू लिहिल्या पाहिजेत.

खान्देशात सालदाराचे वर्ष आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, सुरू होते. त्या दिवशी मालक आणि सालदार यांचा करार ठरतो. तो बहुधा तोंडीच असतो. व्यापाऱ्याची वही, पाटकऱ्याचा बारा आणि सालदाराचा शब्द, या तिन्हींचा पाया एकच होता. तो म्हणजे परस्परांवरील विश्वास.

हा विश्वास किती नाजूक असतो याचा दारुण प्रत्यय १ जुलै २०१८ रोजी आला. तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार केले. मोबाइलवरून पसरलेली एक अफवा त्यास कारणीभूत झाली. पिढ्यान्पिढ्या ज्या दारांत भिक्षेकऱ्यास पसाभर धान्य मिळत होते त्या मुलखात हे घडले. साक्रीच्या इतिहासातील हे पान झाकून ठेवण्याने पुसले जाणार नाही. अनोळखी माणसाची विचारपूस करून मग त्याच्याविषयी मत बनविणे, ही बाजाराची जुनी रीत होती. त्या दिवशी ती कोणासही आठवली नाही.

सण, यात्रा आणि देवदेवता

येथील लोकपरंपरांत वाटून घेण्याचे सूत्र ठायी ठायी दिसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. श्रीफळास देवीचे रूप देऊन तिला सजवितात, सवाईच्या मापाने घेतलेल्या गव्हाचे रोट करतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर विसर्जन होते. रोटाचा प्रसाद भाऊबंदांनी मिळून संपवावयाचा असतो. नोकरीधंद्यानिमित्त सुरत, नाशिक, पुणे येथे गेलेली कुटुंबे या एका दिवसासाठी गावी येतात. वर्षभर अबोला धरलेले भाऊही एका पंक्तीस बसतात, ही या सणाची खरी शक्ती.

आखाजीस सासुरवाशिणी माहेरी येतात. गौराईची स्थापना होते, झाडांना झोके बांधले जातात आणि अहिराणी गाण्यांनी दुपार भरून जाते. त्या गाण्यांतून सासर-माहेरची सुखदुःखे मोकळेपणाने बोलली जातात. पश्चिमेच्या पाड्यांवर मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. व्रतस्थ माऊल्या घरोघर धान्य मागतात, पावरीच्या सुरांवर रात्रभर नाचतात आणि शेवटी डोंगरातील देवस्थानी जाऊन पूजा करतात. एका घराने केलेल्या नवसाचा हा उत्सव साऱ्या पाड्याच्या धान्यावर आणि साऱ्या पाड्याच्या पायांवर उभा राहतो.

म्हसदी येथील धनदाई देवी अनेक कुळांची कुलस्वामिनी असून तिच्या दर्शनास राज्यभरातून कुटुंबे येतात. आमळी येथे कन्हैयालाल महाराजांची यात्रा कार्तिकी एकादशीस भरते; तेथे आदिवासी आणि बिगरआदिवासी भाविकांची सारखीच गर्दी असते. पिंपळनेरास खंडोजी महाराजांच्या परंपरेतील नामसप्ताह मोठ्या श्रद्धेने साजरा होतो. बळसाण्यास विमलनाथ भगवंतांच्या दर्शनासाठी यात्रेकरू जातात. एवढ्याशा मुलखात एवढ्या विविध श्रद्धा शेजारी शेजारी नांदतात, आणि एकाच्या यात्रेत दुसऱ्याचे दुकान लागते.

वारा आणि ऊन यांचे पीक

एकविसाव्या शतकात साक्रीचा उघडा माळ वेगळ्याच कारणाने चर्चेत आला. छडवेल, ब्राह्मणवेल परिसरातील पठारांवर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. ब्राह्मणवेलचा पवनऊर्जा प्रकल्प ५२८ मेगावॉट क्षमतेचा असून देशातील मोठ्या प्रकल्पांत त्याची गणना होते. २०१३ मध्ये शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प सुरू झाला. ज्या माळाला पूर्वी कोणी विचारत नव्हते, जेथे केवळ गुरे चरत, तेथील वारा आणि ऊन यांना आज मोल आले आहे.

या बदलाने एक जुनाच प्रश्न नव्या रूपाने उभा केला आहे. पांझरेचे पाणी वाटून घेण्यासाठी पूर्वजांनी फड बांधले; वारा आणि ऊन यांतून निपजणाऱ्या संपत्तीचा फड कोणता? ज्या गावांच्या डोक्यावर ही पाती फिरतात तेथील शाळा, दवाखाने आणि पिण्याचे पाणी यांस त्यातून किती वाटा मिळतो? २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्पिढ्या वनजमीन कसणाऱ्यांचा हक्क मान्य केला. त्या हक्काचे दावे आणि नव्या प्रकल्पांची जागेची मागणी यांची सांगड कशी घालावयाची? या प्रश्नांची उत्तरे मुंबई-दिल्लीत तयार होतील, पण त्यांचे परिणाम साक्रीच्या पंचक्रोशीतच भोगावे लागतील.

ठेव आणि तिचे राखणदार

ग्रामपंचायतीचे गाव नगरपंचायतीचे झाले, महामार्ग रुंदावला, बाजारपेठ विस्तारली. गावाचा चेहरा बदलत राहणार, हे क्रमप्राप्तच आहे. परंतु काही कामे आजच हाती घेण्याजोगी आहेत. भामेरच्या दालनांतील प्रतिमांची शास्त्रशुद्ध छायाचित्रे व मोजमापे घेऊन ती गावातच उपलब्ध करून ठेवता येतील. बळसाण्याच्या शिलालेखाचा मराठी भावार्थ मंदिरासमोर फलकावर लिहिता येईल. ज्यांनी पाटकरी, हवालदार म्हणून काम केले ती वृद्ध माणसे आहेत तोवर फडाचे नियम, बंधाऱ्यांची नावे आणि थळांच्या हद्दी त्यांच्या तोंडून उतरवून घेता येतील. आखाजीची गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत त्या आजीबाईंचा आवाज ध्वनिमुद्रित करता येईल. दुकानांच्या माळ्यांवर पडलेल्या जुन्या वह्या, खतपत्रे आणि मोडी कागद रद्दीत जाण्यापूर्वी धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे सोपविता येतील. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दारोदार हिंडून असेच कागद गोळा केले. १९२६ मध्ये धुळ्यासच त्यांचा देह पडला आणि त्यांचे दप्तर धुळेकरांनी जतन केले.

यांतील एकाही कामास मोठा निधी लागत नाही. लागते ती वेळीच सुचलेली बुद्धी आणि ते काम अंगावर घेणारी चार माणसे. बळसाण्याच्या मठाची डागडुजी करणाऱ्या महल्लूक पंडिताचे नाव आठ शतकांनंतरही वाचता येते. विमलनाथांच्या मूर्तीस फूल वाहणाऱ्या पहिल्या गावकऱ्याचे नाव कोठेही कोरलेले नाही, आणि पांझरेचा पहिला बंधारा घालणाऱ्यांचेही नाही. तथापि त्यांनी राखलेली ठेव साक्रीच्या हाती आली आहे. ती पुढच्या पिढीच्या हाती अखंड देणे, एवढेच आता शिल्लक आहे.